दहाव्यांदा शिकवलेला चहा

नववी फाईल कपाटाच्या तळातून निघाली, तेव्हा गळतगे मॅडम दारात उभ्या राहून भाजके शेंगदाणे खात होत्या. लोकांना काम करताना बघायला त्यांना फार आवडायचं.

"झालं का गं मगदूम? फाईली नुसत्या लावायच्यात. वाचायच्या नाहीत."

"लावतेच आहे मॅडम."

मी वाचत होते. तीन फायली वाचून झाल्या, तशी फरशीवर मांडी घालून बसले आणि पदराला हात पुसले. उरलेल्या सहा वाचल्या तेव्हा घाम पुसावा लागला, आणि महिना फेब्रुवारीचा होता.

इचलकरंजीतली आमची शाळा विशेष मुलांची. तेव्हा पाटीवर जो शब्द होता तो आता कुणी उच्चारत नाही, तेव्हा मीही तो इथं लिहीत नाही. शाळेला जोडून शिक्षकांना तयार करणारा वर्षभराचा वर्ग होता, आणि त्या वर्षीच्या अकराजणींत मी एक होते. वय एकतीस, आधी सहा वर्षं बालवाडीत काढलेली. पास झाले तर याच शाळेत कायमची जागा मिळणार होती. गळतगे मॅडम वर्गाच्या प्रमुख. फायली लावायचं काम माझ्यावर आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि माझी मोजायची सवय त्यांना ठाऊक होती. वडील गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती मिनिटं उशिरा आला, हे जेवताना सांगायचे. मला तेच लागलं. गळतगे मॅडम एका तासात 'बेसिकली' किती वेळा म्हणतात याच्या उभ्या रेघा मी वहीच्या मागच्या पानावर ओढायची. सरासरी तेवीस.

तर त्या नऊ फायली. प्रत्येकीवर एकच नाव: भरतेश आदगोंडा चौगुले. प्रत्येकीत एकच कौशल्य: चहा करणे, टप्पे चौदा. जूनमधली पहिली चाचणी: चौदापैकी शून्य. मार्चमधली शेवटची: चौदापैकी बारा. शिकवणारी दर वर्षी नवी. आलेख मात्र एकच. मी दोन फायलींचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले, तर रेघ रेघेवर बसली.

आणि समोरच्या भिंतीवर माझा आलेख टाचलेला होता, यंदा मी भरतेशला शिकवत असलेल्या चहाचा. जूनमध्ये शून्य, सप्टेंबरमध्ये चार, जानेवारीत दहा. त्याच्याखाली मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं, 'उत्तम प्रगती'.

"मॅडम, भरतेशला नऊ वेळा चहा शिकवलाय."

"हो मग? शांत आहे. मारत नाही, पळत नाही. परीक्षेला असली केस लागते. शिवाय परीक्षकांचा चहा होऊन जातो, वेगळा करायला नको."

"पण दर जूनमध्ये शून्य?"

मॅडमनी ओंजळीतल्या शेंगदाण्यांची सालं फुंकली. "सुट्टीत विसरतो. बेसिकली ही मुलं विसरतात गं. म्हणून तर आपण आहोत."

एक रेघ.

*

हा विसरणारा मुलगा सत्तावीस वर्षांचा होता. अंगानं भरलेला, केस तेल लावून चप्प बसवलेले, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. बोलायचा थोडं, आणि बोलण्याआधी बराच वेळ समोरच्याकडे बघायचा. नवीन माणसाला वाटायचं, ऐकलंच नाही यानं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या खोलीत मी त्याला विचारलं, "भरतेश, माझ्या आधी तुला चहा कुणी शिकवला?"

तो छताकडे बघत राहिला. मग एकेक बोट दुमडायला लागला.

"सुरेखाताई. चष्मा. मग बेबीताई. रडायच्या. मग मंदाताई, त्यांचं लग्न झालं. लाडू दिला. मग शमाताई. सायकल लाल. मग दुसऱ्या सुरेखाताई, त्या गोऱ्या…"

नऊच्या नऊ, ओळीनं. मी संध्याकाळी फायलींशी ताडून पाहिलं, एक नाव मागेपुढे नव्हतं. कुणाचं लग्न कधी झालं आणि लाडू कसला होता हे फायलीत नव्हतं, ते त्याच्याकडे होतं. विसरणारा माणूस म्हणे.

रविवारी मी त्याच्या घरी गेले. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट, त्यामुळे सगळी गल्ली ओरडूनच बोलायची. भरतेशची आई, सगळे तिला आक्का म्हणत, उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिची नजर अधू झाली होती, खडे बोटांनी शोधायची.

"या बाई. बसा. भरतूनं काय केलं?"

"काही नाही आक्का. सहज आले."

"सहज कोण येतंय आमच्याकडं," ती म्हणाली, आणि हसली.

मग तिनं पोटातलं सांगितलं. मार्चअखेर भरतेशचं नाव शाळेतून कमी होणार होतं. सत्तावीस पूर्ण झाल्यावर ठेवत नसत. सूतगिरणीच्या कँटीनचा मॅनेजर एक मुलगा घ्यायला तयार होता, पण त्याला शाळेचं पत्र हवं होतं की या मुलाच्या मागं उभं राहून सांगावं लागत नाही.

"मॅडम म्हणाल्या, तसं पत्र देता येत न्हाई. खोटं कसं लिवायचं? बरोबर हाय त्यांचं. मग हितंच बसायचं उंबऱ्यात, दोघांनी. मी हाय तवर बसंल. पुढचं…" तिनं सूप उगाच एकदा पाखडलं. "तांदूळ पण निवडाय येत न्हाईत हो त्याला. खडं वेगळं काढून परत त्यातच टाकतंय."

ती हे बोलत असताना भरतेश आतल्या दारात येऊन उभा राहिला होता. माझ्याकडे बघत होता, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. काही वेळानं आत गेला. भांडं वाजलं. आणि आक्का मला जावेचं दुखणं सांगत असताना माझ्यासमोर बशीत कप आला. आल्याचा वास, वर सायीचा तुकडा नाही, कपाच्या काठावर ओघळ नाही.

मी आत डोकावले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

"आक्का, चहा कुणी केला?"

"कोण करणार? भरतूच."

"त्याला सांगितलं कुणी?"

आक्कानं माझ्याकडे अशी मान वळवली की जणू मलाच काही तरी शिकवायची गरज आहे. "सांगायचं काय त्यात? पावणं आलं की चहा."

मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. वडिलांची सवय, घरात शिरताना वेळ बघितलेली असते. मी बसल्यापासून भांडं वाजेपर्यंत सहा मिनिटं.

निघताना तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, "छान होता रे चहा. मग शाळेत का नाही करत असा?"

त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"शाळेत तुम्ही सांगता," तो म्हणाला.

*

सोमवारी मी भरतेशबरोबरचा धडा घेतला, पण वही उलटी धरली. त्यानं काय केलं ते लिहायचं सोडून मी काय केलं ते लिहिलं. पाऊण तासात चहाच्या चौदा टप्प्यांसाठी मी त्याला एकेचाळीस सूचना दिल्या. नऊ वेळा त्याचा हात माझ्या हातात धरला. सतरा वेळा 'शाबास' म्हटलं. आणि सूचना दिल्यावर तो आपणहून हलतो का हे बघायला सगळ्यात जास्त थांबले ते चार सेकंद. ते पण मला शिंक आली होती म्हणून.

ती वही घेऊन मी गळतगे मॅडमपुढं बसले.

"परीक्षेला मी त्याला एकच वाक्य सांगणार. 'भरतेश, चहा कर.' मग गप्प बसणार."

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प."

"पुस्तकात काय दिलंय? तीन सेकंदांत हलला नाही तर मदत द्यायची."

"त्याला सहा मिनिटं लागतात मॅडम."

"सहा मिनिटांत परीक्षक दोन केस बघून मोकळे होतात!" त्यांनी खणातून छापील फॉर्म काढला आणि माझ्यासमोर आपटला. "हे बघ. स्पष्ट सूचना द्यायला दहा मार्क. योग्य वेळी मदत, दहा. शाबासकी, पाच. मांडणी, पाच. तू गप्प बसलीस तर तुला मांडणीचे पाच मिळतील. तीसपैकी पाच! मग कायमची जागा विसर. आणि तो नाहीच हलला तर? त्याच्या कागदावर शून्य येईल. आत्ता निदान बारा तरी येतात."

"बारा आले तर कँटीनचं पत्र मिळेल?"

मॅडमनी फॉर्म परत ओढून घेतला. त्या कडक होत्या, पण लबाड नव्हत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "मदतीनं बारा आणि आपणहून बारा यात फरक आहे. खोटं मी लिहिणार नाही."

"मग मदतीशिवाय किती, ते एकदा तरी बघू या की. नऊ वर्षांत कुणी पाहिलंच नाही."

"बेसिकली तू वेडी आहेस मगदूम."

त्या दिवशी मी रेघ ओढली नाही.

*

परीक्षक सांगलीहून आल्या. फणसळकर बाई. उंच, पांढरा अंबाडा, हातात एकच पेन आणि तेही टोपण नसलेलं. सकाळपासून त्यांनी सहाजणींच्या परीक्षा घेतल्या होत्या, चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती. माझा नंबर साडेअकराला.

स्वयंपाकाच्या खोलीत ओट्यावर सगळं मांडलेलं: पातेलं, दूध, पाण्याचा तांब्या, साखरेचा डबा, पत्ती, खलबत्ता, सांडशी, गाळणं, चार कप. भिंतीवर चौदा टप्प्यांचा चित्रांचा तक्ता. मी तो उतरवून उलटा ठेवला. फणसळकर बाईंनी भुवई उंचावली. गळतगे मॅडम त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि आपल्याच घराला आग लागताना बघावं तशा बघत होत्या.

"भरतेश, चहा कर," मी म्हटलं आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. हात मांड्यांखाली घातले, कारण माझ्या हातांचा मला भरवसा नव्हता.

पहिलं मिनिट गेलं. भरतेश ओट्यासमोर उभा.

दुसरं. तो ओट्याकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. पाणी येण्याआधी नळाकडे बघतात तसा.

तिसऱ्या मिनिटाला फणसळकर बाईंनी घड्याळ पाहिलं. गळतगे मॅडमचा हात आपोआप वर आला, बोट पातेल्याकडे वळायला लागलं. मी डोळे मोठे केले. मॅडमनी ते बोट दुसऱ्या हातात धरून मांडीवर दाबून ठेवलं.

चौथ्या मिनिटाला भरतेशनं मला भुवयांनी खूण केली. मी हलले नाही. मग तो दोन पावलं माझ्याकडे आला, वाकला आणि कुजबुजला. त्याची कुजबुज शेजारच्या वर्गात ऐकू जायची.

"ताई. 'पातेलं घे.'"

फणसळकर बाईंचं पेन थांबलं.

मी गप्प.

"'भरतेश, पातेलं घे,' असं म्हणायचं," त्यानं समजावून सांगितलं.

मी गप्प. जीभ दातांखाली धरली होती.

त्यानं थोडी वाट पाहिली. मग परीक्षकांकडे वळला आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ताई नवीन आहेत."

त्याच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं की या माणसावर आज मोठी जबाबदारी पडलीय. त्यानं एक सुस्कारा सोडला, ओट्याकडे गेला, छाती भरून घेतली आणि मोठ्यानं म्हणाला, "भरतेश, पातेलं घे!"

आणि पातेलं घेतलं.

"शाबास!" तो म्हणाला. माझ्याच आवाजात. 'शा' लांबवायची माझी सवय मला त्या दिवशी कळली.

"आता पाणी. चार कप. मोजून हं." हा आवाज माझा नव्हता, नाकातला होता. गळतगे मॅडम दचकल्या. "अगं बाई, ही सुरेखा," त्या पुटपुटल्या. "पहिल्या बॅचची."

"आता गॅस. आधी काडी, मग बटण. घाबरायचं नाही, घाबरायचं नाही." हा रडका. बेबीताई असणार. गॅस पेटला.

साखरेच्या डब्याशी तो थांबला. तक्त्यावर सहावा टप्पा होता: दोन चमचे साखर घालणे. त्यानं झाकण उघडलं, चमचा घेतला आणि परत ठेवला. परीक्षकांकडे बघितलं. नेहमीसारखा बराच वेळ.

"तुम्हाला साखर किती?"

हे चौदा टप्प्यांत कुठंच नव्हतं.

"मला नको," फणसळकर बाई म्हणाल्या. "मला बिनसाखरेचा लागतो."

"बरं," भरतेश म्हणाला, आणि डबा बाजूला सरकवला.

त्यानंतर तो बोललाच नाही. सुरेखाताई, बेबीताई, मी, सगळ्याजणी त्याच्या तोंडून निघून गेल्या. आलं ठेचलं, तेही तक्त्यात नव्हतं. पत्ती टाकली, दूध ओतलं, उकळी वर येते तशी आच कमी केली, सांडशीनं पातेलं धरलं, गाळलं. आधी एक कप बिनसाखरेचा बाजूला काढला, मग उरलेल्या तिन्ही कपांत साखर घालून ढवळली. पातेलं विसळलं. ओटा पुसला. पहिला कप परीक्षकांना, दुसरा मॅडमना, तिसरा मला. चौथा घेऊन तो स्वतः खुर्चीवर बसला आणि फुंकर मारली.

फणसळकर बाईंनी एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"बावीस वर्षं मी परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी किमान तीस कप गोड चहा पिते, आणि संध्याकाळी जादा गोळी घेते. मला कधी कुणी विचारलं नाही."

मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला.

"किती सूचना दिल्यात तुम्ही?"

"एक."

"मदत?"

"शून्य."

"शाबासकी?"

"शून्य. त्यानं त्याची घेतली."

गळतगे मॅडमना हसू आलं, ते त्यांनी चहात बुडवलं.

"म्हणजे फॉर्मप्रमाणे तुम्ही त्याला आज काही शिकवलं नाही."

"नाही बाई."

"वर्षभरात?"

मला क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं. जागा कायमची होती हो. "नाही," मी म्हटलं. "त्याला येतच होतं."

"येत असलेली गोष्ट शिकवली, याला मी मार्क कसे देऊ?"

"नका देऊ. त्याचे द्या."

त्यांनी भरतेशच्या कागदावर लिहिलं: चौदापैकी चौदा, सूचनेशिवाय. त्याखाली सही केली. मग थांबून चौदाच्या पुढं अधिक दोन असं लिहिलं, आणि कंसात 'आलं, विचारपूस'. असे मार्क देता येत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझ्या फॉर्मवर त्यांनी तीसपैकी पाच लिहिले. मांडणीचे.

त्याच दुपारी गळतगे मॅडमनी सूतगिरणीला पत्र लिहिलं. मला लिहून घ्यायला बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. "लिही. 'सदर विद्यार्थ्याच्या मागे उभे राहून सांगावे लागत नाही.' पूर्णविराम." मग स्वतः खाली एक ओळ लिहिली: 'फक्त सुरुवातीला आपण थोडे थांबावे.'

मे महिन्यात फळ्यावर निकाल लागला. अकरापैकी दहा पास.

*

मी मात्र ही गोष्ट जिथं तिथं सांगत सुटले. नापास झालेली बाई इतकी खुशीत कुणी पाहिली नसेल. सासरी, माहेरी, बसस्टॉपवर: नऊ वर्षं त्या माणसाला कुणी सहा मिनिटं दिली नाहीत, मी दिली! आमची चूक मी शोधून काढली होती, तीही आकड्यांनिशी. एकेचाळीस सूचना, चार सेकंद. माझा हिशोब चोख होता असं मला वाटत होतं.

ऑक्टोबरात फेरपरीक्षा होती. तिच्या महिनाभर आधी मी सूतगिरणीच्या कँटीनमध्ये गेले. पाळी सुटायची वेळ. भरतेश पांढरी टोपी घालून मोठ्या पातेल्यासमोर उभा होता आणि कामगारांची रांग त्याच्यासमोर.

"भरतू, माझा कडक!"

"माहीत आहे," तो म्हणत होता. "तुमचा कडक. तुमचा बिनदुधाचा. तुम्ही काल दोन घेतलेत."

मॅनेजर गल्ल्यावरून मला म्हणाला, "सकाळी पाच मिनिटं नुसता उभा असतोय बघा. पहिल्या दिवशी मला वाटलं, गेलं आता. मग एकदा चालू झाला की मशीनच."

रांग संपल्यावर भरतेशनं मला चहा दिला. मी कपाळाला हात लावून बसले होते, ते त्यानं बघितलं. नेहमीसारखं बराच वेळ बघितलं.

"काय झालं ताई?"

"परीक्षा आहे रे परत. नापास झाले ना मी. आता नवी केस शोधायची, नवं कौशल्य, आणि महिनाच आहे हातात."

तो विचार करत राहिला. मग माझ्याजवळ वाकून, सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं कुजबुजला.

"मी येतो. मी विसरतो."

"काय विसरतोस?"

"चहा. परत विसरतो. काळजी करू नका."

कप माझ्या हातात तसाच राहिला.

"भरतेश, परत म्हणजे?"

"सुरेखाताईंनी शिकवला. मला आला," तो शांतपणे म्हणाला. "मग बेबीताई आल्या. त्यांना काय शिकवायला राहिलं? त्या रडत होत्या. मग विसरलो. बेबीताई पास झाल्या. मग मंदाताई आल्या. मग परत विसरलो."

"आठ वेळा?"

"तुमच्या वेळी पण विसरलो होतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडी तक्रार आली. "तुम्हीच सांगायचं विसरलात."

सूतगिरणीचा भोंगा झाला. पुढची पाळी आत गेली. मी हसत होते की रडत होते हे मॅनेजरला कळेना, त्यानं पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. सहा मिनिटांचा माझा शोध, उलटी वही, खिडकीच्या काचेवर धरलेले कागद! नऊ बायका शाळाशाळांतून कायम झाल्या होत्या, आणि त्यांना पास करून देणारा माणूस दर जूनमध्ये शून्यावर जाऊन बसत होता.

"नको," मी डोळे पुसून म्हटलं. "या वेळी विसरायचं नाही. तुला खरंच काय येत नाही ते सांग. खरंच. माझ्यासाठी नाही."

आणि मी थांबले. तीन माणसं चहा घेऊन गेली. एकानं उरलेला चहा सांडला, तो भरतेशनं पुसला. पातेलं विसळलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"घरी जायला," तो म्हणाला. "एकट्यानं. काका गाडीवर नेतात. रोज उशीर करतात. मला रस्ता माहीत आहे. मोठा रस्ता ओलांडायला येत नाही."

फेरपरीक्षेत मी पास झाले, तीसपैकी चोवीस, हे आधीच सांगून टाकते. महिनाभर आम्ही रोज तो रस्ता ओलांडला. आधी मी त्याचा हात धरून, मग मनगट, मग नुसती शेजारून, मग दहा पावलं मागून. त्याला खरोखरच येत नव्हतं. तीनदा तो मधेच थांबला, एकदा मी किंचाळले. शिकवणं म्हणजे काय हे मला त्या महिन्यात समजलं, आणि माझ्या पायांना गोळे आले.

परीक्षेच्या दिवशी पाळी सुटल्यावर तो कँटीनमधून निघाला. मागं फणसळकर बाई हातात पुठ्ठा आणि फॉर्म घेऊन, त्यांच्या शेजारी मी, आणि कुणी बोलावलं नसताना आलेल्या गळतगे मॅडम. आम्ही तिघी तोंडं मिटून त्याच्या मागं चाललो होतो. मोठा रस्ता आला. सुताच्या गाठी लादलेला एक टेम्पो भरधाव येत होता, आणि फणसळकर बाई लिहिता लिहिता तशाच पुढं निघाल्या.

भरतेशनं हात आडवा केला. तो बाईंच्या छातीला लागला. बाई थांबल्या.

टेम्पो गेला. त्याच्यामागून एक मोटारसायकल, मग एक रिक्षा. तो बघत राहिला. आम्हीही. समोर उंबऱ्यात बसावी तशी पलीकडच्या फुटपाथवर आक्का बसलेली मला दिसली, नजर अधू, पण तोंड बरोबर आमच्या दिशेला.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"आता चला," तो म्हणाला. आणि आम्हाला तिघींना पलीकडे घेऊन गेला.